बाबांच्या टाचेचं ऑपरेशन आणि तो मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचा चष्मा, पुण्यातला आमचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण बिलाच्या एका आयटमवरून आमचं त्यांच्याशी आणि इन्शुरन्सवाल्यांशी अजून चालू आहे. पण पायाच्या ऑपरेशनसाठी "आमच्याकडे मिक्स्ड रिअ‍ॅलिटी आहे" (म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यातच कॉम्प्युटरचं चित्र दाखवणारा चष्मा) असं ऐकून जादा पैसे भरायचे की नाही या विचारात कोणी असेल तर त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

आधी केस सांगते. बाबा टेरेसवरची पाण्याची टाकी बघायला शिडीवर चढले होते तिथून खाली आले ते थेट टाचेवर. उंचावरून पडल्यावर टाचेचं हाड, कॅल्केनियस, असंच मोडतं. तेव्हा प्लॅस्टर घातलं, हाड जुळलं पण वाकडं जुळलं. घरात फरशीवर बरे चालायचे, पण तळजाई टेकडीवर दगडगोट्यांच्या वाटेने गेलं की चार पावलांत चेहरा उतरायचा आणि मग त्यांनी टेकडीच बंद केली, रोज पहाटे जाणारा माणूस. याचं कारण असं की उंचसखल जमिनीवर पाऊल डावीउजवीकडे कलतं ते टाच आणि तिच्यावरचं टॅलस हाड यांच्यामधल्या सबटेलर सांध्यामुळे, आणि त्यांचा नेमका तोच सांधा खराब झाला होता. वर हाड चेपून बाहेरच्या बाजूला फुगलेलं, त्यामुळे घोट्याखालून जाणाऱ्या, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या (पेरोनियल टेंडन म्हणतात) दाबल्या जात होत्या, बूट घालायचं म्हटलं तरी नको व्हायचं.

दोन-तीन ठिकाणी दाखवलं, सगळे म्हणाले सबटेलर फ्यूजन करा, म्हणजे तो सांधा स्क्रूने कायमचा जोडून टाकायचा आणि टाचेची गेलेली उंची परत आणायला कमरेच्या हाडाचा तुकडा मधे बसवायचा. आम्ही जिथे केलं तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत चष्म्याचा विषय काढलाच नाही हे मला फार आवडलं. शुगर विचारली, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) करायला लावली, तंबाखू-सिगारेट आहे का ते दोनदा विचारलं, कारण निकोटिनने हाड जुळायला त्रास होतो. मग सिटीस्कॅन.

चष्मा पुढच्या व्हिजिटला. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स 2 आहे, 2019 ला आला तेव्हा त्याची किंमत 3500 डॉलर होती. व्हीआरसारखं यात सगळं बंद होत नाही, काच पारदर्शक असते, समोरची खोली, माणसं सगळं दिसतं आणि त्यातच स्कॅनवरून बनवलेलं हाड हवेत तरंगताना दिसतं. डॉक्टरांनी तो आधी बाबांच्या डोक्यावर चढवला, नंबरच्या चष्म्यावरून बसतो त्यामुळे तोही काढावा लागला नाही. बाबांनी हात पुढे करून चिमटीत धरल्यासारखं केलं आणि स्वतःचंच टाचेचं हाड फिरवून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "काका, आता खालून बघा, ती फुगलेली भिंत दिसते?" आणि बाबा चक्क वाकून खालून बघायला लागले. मग त्यांनी स्वतःच बोट दाखवून सांगितलं की हेच बुटाला लागतं ना. इतके महिने एक्स-रे दाखवून त्यांना कोणी समजावू शकलं नव्हतं, बोहलरचा कोन (टाचेचं हाड किती चेपलंय ते दाखवणारा एक्स-रेवरचा कोन) 20 ते 40 डिग्री असायला हवा आणि तुमचा जवळजवळ सपाट झालाय वगैरे ऐकून ते नुसती मान हलवायचे. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा प्रश्न विचारले, तुकडा केवढा घालणार, कुठून घेणार, पाय किती उंच होणार. कन्सेंट फॉर्मवर सही करताना ते शांत होते आणि मुलगी म्हणून मला त्याची किंमत खूप आहे. नंतर मीपण घालून बघितला, चित्र झकास दिसतं पण खिडकी लहान आहे, मान जरा वळवली की हाड कडेला कापलं जातं.

डॉक्टरांचं प्लॅनिंग पण त्याच्यावरच झालं. तुकड्याची उंची किती म्हणजे टॅलसचा कल सुधारेल, स्क्रू कुठून घालायचे, बाहेरची किती भिंत तासायची हे त्यांनी आधीच मॉडेलवर करून पाहिलं होतं आणि आम्हाला दाखवलं. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथे.

आता ओटीमधलं, कारण लोकांना वाटतं चष्मा घातला की डॉक्टरांना कातडीच्या आरपार दिसतं. नंतर मी डॉक्टरांना सरळ विचारलं की प्रत्यक्षात किती उपयोग झाला तर त्यांनी काही न लपवता सांगितलं. हॉलोग्राम, म्हणजे हाडाचं ते हवेतलं चित्र, पायावर बसवता येतो, मेनू हवेतच बोटाने चालतो त्यामुळे निर्जंतुक हातमोजे घातलेल्या हाताने कशाला हात लावावा लागत नाही, मान वळवून स्क्रीनकडे बघायला नको. पण पाऊल हे बसवायला अवघड प्रकरण आहे. एका पावलात 26 हाडं, स्कॅन काढताना पाय एका पोझिशनला आणि टेबलावर दुसऱ्या, शिवाय सांधा ताणून उघडला की हाडं हलतात आणि हॉलोग्राम मात्र जुन्याच जागी राहतो, काही मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी स्क्रूला फरक पडतो. डोक्यावरच्या लाइटमध्ये चित्र फिकं पडतं, अर्धा किलोपेक्षा जास्त वजन कपाळावर. म्हणून गाइडवायर (स्क्रूच्या आधी वाट दाखवायला घालतात ती बारीक तार) घालताना दिशेचा अंदाज चष्म्यावरून आणि प्रत्येक वायर सी-आर्मवर म्हणजे चालू एक्स-रेवर तपासूनच पुढे. "शेवटचा शब्द सी-आर्मचा," हे त्यांचं वाक्य. होलोलेन्स घालून खांद्याचा सांधा बदलण्याचं ऑपरेशन पॅरिसजवळ 2017 मध्येच झालंय, मणक्यासाठी तर खास वेगळे चष्मे निघालेत, पण पावलाचं काम अजून इतकं पक्कं बसलेलं नाही असं ते स्वतःच म्हणाले आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

ऑपरेशन छान झालं. नर्सिंग स्टाफ उत्तम, रात्री दोनला बेल दाबली तरी मावशी हसतमुखाने यायच्या. फिजिओथेरपिस्ट ताईंनी वॉकर घेऊन एका पायावर जिना कसा चढायचा ते घरी सोडायच्या आधीच शिकवलं, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही त्यामुळे हे फार मोलाचं. या ऑपरेशननंतर कित्येक आठवडे पाय टेकवायचाच नसतो आणि त्यात चष्म्याने काहीही कमी होत नाही, हाड आपल्या वेळेनेच जुळतं. आता बाबा बूट घालून सोसायटीत फेऱ्या मारतात, टाच सरळ दिसते, बुटाला घासत नाही. टेकडीला अजून परवानगी नाही.

एक स्टार कापला तो बिलासाठी. एस्टिमेटमध्ये नसलेले "टेक्नॉलॉजी चार्जेस" फायनल बिलात आले आणि टीपीएने (इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम तपासणारी एजन्सी) ती रक्कम सरळ नामंजूर केली. रोबोटिक सर्जरी 2019 पासून इर्डाच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) आधुनिक उपचारांच्या यादीत आहे त्यामुळे तिच्यासाठी भांडता तरी येतं, मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचं नाव त्या यादीत नाही. डिस्चार्जच्या दिवशी, बाबा व्हीलचेअरवर बसलेले असताना काउंटरवर हे कळणं अजिबात बरोबर नाही, आणि काउंटरवरच्या कोणालाही हा चार्ज कशाचा ते धड सांगता येत नव्हतं. तेव्हा अ‍ॅडमिट व्हायच्या आधी हा चार्ज वेगळा आहे का ते लेखी घ्या आणि प्री-ऑथच्या (इन्शुरन्सच्या आगाऊ मंजुरीच्या) कागदात तो टाकायला लावा.

अजून एक विचारा, चष्मा कोणता आहे आणि पुढे काय. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स 2 बनवणं 2024 मध्येच बंद केलंय, अपडेट 2027 अखेरपर्यंत मिळणार आहेत. पेशंटला लगेच काही धोका नाही, पण बंद पडत चाललेल्या मशीनसाठी जादा पैसे मागत असतील तर निदान माहीत असावं. आणि चष्मा ऐनवेळी चाललाच नाही तर ऑपरेशन नेहमीच्या पद्धतीने करणार ना, हेही. आमच्या डॉक्टरांचं उत्तर लगेच आलं, की हो, चष्म्याशिवाय अशी ऑपरेशनं ते वर्षानुवर्षं करतायत. जिथे हे उत्तर द्यायला वेळ लागेल तिथे मी तरी बाबांना नेणार नाही.

बाकी पार्किंग नाही, गाडी नेऊ नका, रिक्षा थेट रॅम्पपर्यंत येते. फॉलोअपला सकाळचा पहिला नंबर घ्या, अकरानंतर एक्स-रेला तुफान गर्दी असते आणि पाय वर ठेवून बसायला बाहेर जागाच नाही.