१२ इंची मॅकबुक सोडून एम४ एअर: पंखा नसलेल्या दोन लॅपटॉपांचा अनुभव

पहिलंच सांगून टाकते, 'हलका' म्हणून विकला जाणारा हा नवा लॅपटॉप माझ्या जुन्यापेक्षा जड आहे. २०१७ चं माझं १२ इंची मॅकबुक ९२० ग्रॅमचं होतं. गुढीपाडव्याला घेतलेला एम४ चिपचा मॅकबुक एअर १.२४ किलोचा आहे. म्हणजे मधल्या काळात ३२० ग्रॅम वाढले. जुना मी दोन बोटांत धरून घरभर हिंडायचे; याला पूर्ण पंजा लागतो. तरीही मे महिना, पावसाळा आणि दिवाळी अशी तिन्ही परीक्षा झाल्यावर मी हे लिहितेय, आणि परत जायची इच्छा नाही. का नाही, ते जरा सविस्तर सांगते.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं निम्मं निरर्थक वाटेल. मी अमरावतीत घरून अनुवाद आणि मुद्रितशोधन करते. त्याच्या जोडीला श्राव्य पुस्तकांसाठी वाचन करते. स्टुडिओ म्हणजे आमची मागची छोटी खोली, भिंतींना गोधड्या टांगलेल्या. माइक आणि लॅपटॉप एकाच टेबलावर. अशा ठिकाणी लॅपटॉपचा पंखा वाक्याच्या मध्येच घरघरायला लागला की ते वाक्य पुन्हा वाचावं लागतं, नाहीतर नंतर आवाजाची सफाई करत बसावं लागतं. त्यामुळे माझी पहिली अट वजनाची नव्हतीच, पंखा नको ही होती. या एका अटीने दुकानातले बहुतेक लॅपटॉप बाद होतात. एलजीचा 'ग्रॅम' नावाचा १४ इंची लॅपटॉप किलोच्या आसपास बसतो, पडदाही मोठा, पण आत पंखा आहे. तो शांत असतो म्हणतात. शांत असणं वेगळं आणि नसणंच वेगळं.

पंखा नसला की आतली उष्णता बाहेर पडायला एकच वाट उरते, ॲल्युमिनियमचं अंग. ते अंग तापलं आणि बाहेरची हवाही तापलेली असली, की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. जुन्या मॅकबुकमध्ये इंटेलचा कोअर एम३ होता, दोनच कोअर (म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे प्रोसेसरचे भाग), साडेचार वॉटच्या वर्गातला. थंडीत बरा चालायचा. एप्रिल लागला की ॲक्टिव्हिटी मॉनिटर (कुठला प्रोग्रॅम प्रोसेसर किती वापरतोय ते दाखवणारी खिडकी) उघडल्यावर 'कर्नल टास्क' नावाची प्रक्रिया सगळ्यांच्या वर बसलेली दिसायची. ती काही काम करत नसते. प्रोसेसर आणखी तापू नये म्हणून ती दुसऱ्या प्रोग्रॅमांची जागा अडवून बसते. अशा वेळी तीन-चारशे पानांच्या वर्ड फाइलमध्ये, ट्रॅक चेंजेस (प्रत्येक दुरुस्तीची खूण ठेवणारी सोय) चालू ठेवून टंकायला घेतलं की बोटं पुढे आणि अक्षरं मागे. तासाभराच्या ध्वनिमुद्रणातला खरखराट काढायला लावायचा आणि स्वयंपाकाला लागायचं, असा माझा दिनक्रम होता.

आता आमच्याकडचा उन्हाळा. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश सांगतं. मे महिन्यात अमरावतीत पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. कूलर लावला तर खोली जेमतेम त्या मर्यादेत येते, आणि रेकॉर्डिंग करायचं तर कूलर बंद, वरचा पंखाही बंद. लॅपटॉपला पंखा नाही आणि त्या वेळात मलाही नाही. खरी परीक्षा हीच होती, म्हणून मेपर्यंत मी या लॅपटॉपविषयी कुणाला काही सांगितलं नाही.

निकाल असा: नुसतं रेकॉर्डिंग, अनुवाद, एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला वर्ड, ब्राउझरमध्ये शब्दकोशांच्या दहा-बारा खिडक्या, एवढ्याने एअर मे महिन्यातही तापत नाही. कोमट होतो म्हणा. कारण साधं आहे. उष्णता बाहेर टाकायची पद्धत जुन्यासारखीच आहे, पण तेवढंच काम करायला ही चिप मुळात कमी वीज खाते, त्यामुळे उष्णता तयारच कमी होते. एम४ ही ३ नॅनोमीटर तंत्राने बनलेली आहे, दहा कोअरची, त्यातले सहा कमी विजेत किरकोळ कामं निपटणारे. टंकण्यासारखं काम बहुधा तेच सांभाळत असावेत. ज्या सफाईच्या कामाला मी स्वयंपाक उरकायचे, ते आता चहा उकळेपर्यंत होतं.

पण याचा अर्थ तो तापतच नाही असा नाही. मुलाखतींच्या ध्वनिफितींचं लेखी रूप करायला मी व्हिस्पर वापरते. ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं हे मॉडेल आपल्याच संगणकावर, इंटरनेट न लागता चालतं आणि मराठीही ओळखतं. मराठी ओळखतं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची आणि विशेषनामांची वाट लावतं, पण हाताने पहिल्यापासून ऐकत टंकण्यापेक्षा दुरुस्ती करणं केव्हाही परवडतं. जुन्या लॅपटॉपवर याचा विचारही करता येत नव्हता. नव्यावर लांबलचक फीत लावली की सुरुवात झपाट्याने होते, मग कीबोर्डच्या वरची पट्टी चांगलीच गरम होते आणि काम मंदावतं. मेच्या दुपारी हा फरक स्पष्ट जाणवतो, दिवाळीनंतरच्या रात्री फारसा नाही. म्हणून असली कामं मी रात्री, लॅपटॉप स्टँडवर ठेवून लावते. गादीवर ठेवून तर कधीच नाही. खालून हवा लागली नाही तर अंग थंड होणार कसं? ज्यांना रोज तासन् तास व्हिडिओ संपादित करायचे आहेत त्यांनी पंखा असलेला मॅकबुक प्रो घ्यावा. त्यांच्यासाठी एअर नाही.

धुळीचं एक सांगायचं राहिलं. विदर्भातल्या घरात पंखेवाला लॅपटॉप दोन उन्हाळ्यांत किती धूळ ओढतो, ते कुणीही दुरुस्तीवाला उघडून दाखवेल. इथे ओढायला तोंडच नाही.

आता कीबोर्ड. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझं पोट त्यावर आहे. जुन्या मॅकबुकचा कीबोर्ड 'बटरफ्लाय' जातीचा, कळा जेमतेम खाली जाणाऱ्या. त्या जातीची ख्याती सगळ्यांना माहीत आहे. एखादी कळ दोनदा उमटायची किंवा उमटायचीच नाही, अशा तक्रारी इतक्या झाल्या की जून २०१८ मध्ये ॲपलला, लॅपटॉप विकत घेतल्यापासून चार वर्षांपर्यंत मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. माझा कीबोर्ड सुदैवाने टिकला, पण धास्ती कायम होती. मी इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकाच्या मांडणीने टंकते. त्यात इंग्रजी डीच्या जागी हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण. जोडाक्षर आलं की ती कळ आलीच. ती एकदा नाही उमटली तर 'पुस्तक'चं 'पुसतक' होतं, आणि मुद्रितशोधकानेच पाठवलेल्या फाइलीत 'पुसतक' सापडलं तर काय इज्जत राहील! डीच्या कळेखाली पोळीचा कण जाऊ नये म्हणून मी त्या लॅपटॉपजवळ काही खात नसे.

एअरवर कात्रीसारख्या जोडणीच्या जुन्या पद्धतीच्या कळा परत आल्या आहेत. दाब कळतो, बोटाला उत्तर मिळतं. पहिले काही दिवस मला हे चक्क आवडलं नव्हतं. बटरफ्लायवर बोटं नुसती फिरवायची सवय लागली होती आणि इथे मुद्दाम दाबावं लागतंय असं वाटे. आता उलटं वाटतं. दुसरी सोय फार कुणी सांगत नाही. डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या कळेवर पृथ्वीचं चिन्ह आहे. सेटिंगमध्ये नेमून दिलं की त्या एका कळेने मराठी-इंग्रजी बदल होतो. अनुवाद करताना दिवसभरात हा बदल किती वेळा करावा लागतो, हे या धंद्यातल्या माणसालाच कळेल. एक कुरकुर आहे. जुन्याचं अंग पुढच्या बाजूला निमुळतं होत जायचं, हा सपाट आहे. जाडी ११.३ मिलिमीटर, म्हणजे जुन्याच्या जाड टोकापेक्षा कमीच, पण पुढची कड मनगटाला लागते.

वजनाकडे परत येते. जुन्या मॅकबुकला यूएसबी-सीचं एकच भोक. चार्जिंगही त्यातून आणि पेनड्राइव्हही त्यातूनच. म्हणजे माइक लावायचा तर चार्जर काढा, दोन्ही हवं असेल तर हब, म्हणजे एका भोकाची अनेक करणारी डबी, आणा. मुंबईला कामासाठी जाताना अमरावती एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर ९२० ग्रॅमचं कौतुक करावं, आणि पिशवीत मात्र हब, त्याची वायर, चार्जर, बॅटरी म्हातारी झाल्यावर पॉवर बँक. एअरला चार्जिंगसाठी चुंबकाने चिकटणारं मॅगसेफ वेगळं आणि वर थंडरबोल्टची दोन भोकं. दोन्ही डाव्या अंगाला आहेत, उजवीकडे फक्त हेडफोन. एखादं उजवीकडे दिलं असतं तर बरं झालं असतं. पण हब घरी राहिला आणि पॉवर बँकही. जुन्याचा चार्जर यूएसबी-सीचाच, २९ वॉटचा. तो एअरला चालतो. प्रवासाला जाताना तो पिशवीत टाकते, नवा टेबलावरच राहतो. एकूण पिशवी जड झाली नाही. वरच्या बर्थवर मांडी घालून, मान वाकवून टंकायला मात्र जुनाच बरा होता. त्या जागेत १२ इंच म्हणजे १२ इंच.

बॅटरीबद्दल फार लिहीत नाही, कारण फार काही घडत नाही. सकाळी पूर्ण भरून बसले की संध्याकाळपर्यंत चार्जर आठवत नाही. वीज गेली तर इन्व्हर्टरवर वायफायचा राउटर चालतो आणि काम चालू राहतं. व्हिस्पर लावलेल्या दिवशी हे गणित बिघडतं.

पडदा १३.६ इंची, २५६० बाय १६६४. मूळ इंग्रजी डावीकडे आणि मराठी उजवीकडे असं ठेवलं तर दोन्ही वाचता येतात. जुन्यावर मी खिडक्या पुढे-मागे करत बसायचे. वरच्या पट्टीत मधोमध कॅमेऱ्याची खाच आहे, ती आठवड्याभरात दिसेनाशी होते. कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा. जुन्याचा ४८०पी होता, आणि त्यावर प्रकाशकांना मी बहुधा धुक्यातून बोलतेय असं वाटत असावं.

पैशांचं. मी घेतला तेव्हा सुरुवातीची किंमत ९९,९०० रुपये होती, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना ८९,९०० ला. त्यात १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवण. पुढची पायरी, ५१२ जीबीची, थेट १,१९,९०० ला. हे दोन्ही नंतर वाढवता येत नाहीत, सगळं आत पक्कं बसवलेलं असतं. मेमरी १६ वरून सुरू होते ही मोठीच गोष्ट आहे, माझ्या कामाला ती पुरून उरते. साठवणीसाठी वीस हजार जास्त द्यायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून २५६ च घेतला आणि ध्वनिफिती बाहेरच्या छोट्या एसएसडीवर ठेवते. फक्त मजकुराचं काम असेल तर तेवढं खूप झालं. फोटो-व्हिडिओवाल्यांनी इथे काटकसर करू नये.

मग जुन्यावर काय अडलं होतं, नुसतं लिहायला तर तो पुरत होता, असं माझा भाऊ विचारतो. खरं आहे, पुरत होता. पण त्याला मिळालेली मॅकओएसची (ॲपलच्या संगणक-प्रणालीची) शेवटची आवृत्ती म्हणजे २०२२ मधली व्हेंचुरा. पुढच्या आवृत्त्या त्याच्यासाठी नाहीत, आणि ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार आणि लोकांची अप्रकाशित हस्तलिखितं आहेत, त्यावर सुरक्षेचे नवे अपडेट येणं बंद झालं तर मला झोप लागत नाही.

बदलण्याआधी एक गोष्ट मात्र मराठी छपाईच्या धंद्यातल्या प्रत्येकाने तपासावी. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प या ॲपलच्याच सोयीने खरं विंडोज टाकता यायचं. एम मालिकेच्या चिपांवर बूट कॅम्प नाही. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमधून विंडोजची एआरएम आवृत्ती चालते, पण जुने फाँट-बदल प्रोग्रॅम आणि कुलूप म्हणून लावायचे डाँगल तिथे चालतीलच याचा भरवसा धरू नका. प्रकाशकांकडून मला अजूनही श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये, टंकलेली वीस वर्षांपूर्वीची पुस्तकं येतात, नव्या आवृत्तीसाठी ती युनिकोडमध्ये आणायची असतात. हे काम मी बूट कॅम्पमधल्या विंडोजवर करत आले. म्हणून दुकानदार एक्स्चेंजमध्ये देत होता ती किरकोळ रक्कम मी घेतली नाही. जुनं मॅकबुक आता खिडकीजवळच्या स्टुलावर, मी घरी असते तेव्हा, आपल्या त्याच चार्जरला लावलेलं असतं. विंडोज १० चा आधारही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे त्याचं वायफाय बंद ठेवलंय. फाइली पेनड्राइव्हने ये-जा करतात, आणि चार्जर व पेनड्राइव्ह एकदम लागतात म्हणून हबही तिकडेच गेलाय.