पेजमेकर ७.० : महालातल्या छापखान्यातून

नागपूरच्या महाल भागात आमचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. माझ्या टेबलावर विंडोज एक्सपीचा संगणक आणि त्यात पेजमेकर ७.०, छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर, २००१ सालचं. पुढे त्याची नवी मोठी आवृत्ती आलीच नाही, तरी तुळशीचं लग्न लागलं की आमची सगळी घाई हेच निभावतं.

खरी दौलत जुन्या फायलींची. थोरल्या पोरीची पत्रिका इथेच झालेली असते. धाकटीच्या वेळी तीच फाइल उघडते, तारीख बदलते, कधी आजोबांच्या नावामागे 'कै.' लावावं लागतं. तेव्हा हात जरा थांबतो.

अडचण मोठी आहे ती युनिकोडची, म्हणजे मोबाइलवर आज मराठी अक्षरं ज्या पद्धतीने साठवतात तिची; पेजमेकरला ती कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर चिकटवला की नुसती प्रश्नचिन्हं. मग मजकूर जुन्या फॉन्टात बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढायचा आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासायची. नवरदेवाचं नाव चुकलं तर मांडवात मान खाली जाते आमची.

एक्सपीचे सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४ मध्ये थांबले, म्हणून या संगणकाला इंटरनेट जोडलेलं नाही. पेनड्राइव्हही आधी दुसऱ्या मशीनवर तपासते.

नवा छापखाना टाकणाऱ्याने हे घेऊ नये. माझ्या पेजमेकरच्या सीडीची मात्र दुसरी प्रत कपाटात ठेवली आहे.