परदेशी माइल कार्ड मिळवून देतो सांगून होणारी फसवणूक

सुरुवात निरनिराळ्या देशांतल्या कार्डांचे बोनस शेजारी मांडणाऱ्या एका तक्त्याने होते, आणि त्यातले आकडे बहुतेक खरेच असतात. अमेरिकेतल्या एअरलाइन कार्डावर 60 ते 80 हजार माइलचा, म्हणजे विमान तिकिटासाठी वापरता येणाऱ्या गुणांचा, बोनस, युरोपातल्या कार्डावर त्याहून कितीतरी कमी. वाचणाऱ्याला हळहळ वाटते, आणि तेवढ्यात दलालाचा निरोप येतो: पासपोर्टचा फोटो आणि शुल्क पाठवा, अमेरिकेचं कार्ड काढून देतो.

हा फरक का पडतो? कार्डाने पैसे भरले की दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेला इंटरचेंज नावाचा वाटा मिळतो. बोनसचा बराचसा खर्च त्यातून निघतो. युरोपीय संघाने 2015 च्या नियमाने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरचा हा वाटा 0.3 टक्क्यांवर आणला. अमेरिकेत क्रेडिट कार्डांना अशी मर्यादा नाही. तेव्हा युरोपातल्या बँकेच्या नावाने अमेरिकेइतका बोनस कुणी दाखवला, तर बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो सापडेपर्यंत विश्वास ठेवू नका.

अमेरिकेतल्या कार्डासाठी साधारणपणे तिथला पत्ता, सोशल सिक्युरिटी किंवा करदात्याचा क्रमांक आणि तिथला क्रेडिट इतिहास, म्हणजे कर्ज आणि फेडीची नोंद, लागतो. हे नसलेल्या माणसाचं शुल्क घेऊन दलाल गायब झाला, तर तेवढंच नुकसान. तो खोटा पत्ता टाकून अर्ज भरतो तेव्हा खरा घात होतो. कार्ड मिळतं, खर्चही होतो. पडताळणीत पत्ता उघडा पडला की बँक खातं बंद करते, बोनस काढून घेते आणि थकबाकी तुमच्याच नावावर राहते. अर्ज तुमच्या नावाचा, त्यामुळे खोटी माहितीही तुम्हीच दिलेली ठरते.

तक्त्यातही एक लबाडी हमखास असते: पॉइंट आणि माइल एकाच रकान्यात. मॅरियट या हॉटेल साखळीचे 60,000 पॉइंट बहुतेक एअरलाइनकडे वळवले, तर तीनास एक या दराने 20,000 आणि वर 5,000, असे 25,000 माइल होतात. बोनस मिळण्यासाठीची खर्चाची अट तर तक्त्यात येतच नाही. तीन महिन्यांत 4,000 डॉलर खर्चायचे असतील, तर मुदत अनेकदा कार्ड हातात पडल्यापासून नव्हे, मंजुरीपासून मोजतात. वार्षिक शुल्क आणि रोख उचल त्यात धरत नाहीत, परत केलेल्या वस्तूची रक्कम वजा होते. कार्डाला परकीय चलनावर 3 टक्के आकार असेल आणि सगळा खर्च देशाबाहेर केला, तर 120 डॉलर त्यातच जातात.

कागदपत्रं आधीच दिली असतील तर दलालाशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. अर्ज ज्या बँकेत गेला तिला लेखी कळवा, खातं उघडलं असल्यास ते बंद करायला सांगा, निरोप आणि पावत्या जपून ठेवा. अमेरिकेत तुमचा क्रेडिट इतिहास असेल, तर तो ठेवणाऱ्या एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्यांकडे तो गोठवता येतो, म्हणजे त्यावर तुमच्या नावाने नवं खातं उघडणं अवघड होतं. 2018 पासून त्याला पैसे पडत नाहीत. आणि ‘तपासणीसाठी’ म्हणून दलालाच्या सदस्य क्रमांकावर पॉइंट वळवू नका. एअरलाइनकडे गेलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत.