१४४१६ की मेडिकलची ओपीडी?
मानेवाड्याच्या वहिनींचा अकरावीतला पोरगा खोलीबाहेर येत नाही. १४४१६ वर टेलि-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावावा की मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेज रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात न्यावं?

पैशाचं म्हणाल तर फोन फुकट, ओपीडीही जड नाही. फक्त सकाळ रांगेत जाते.

संकोचात १४४१६ सरस. रात्री दोनलाही, दार लावून, मराठीत बोलता येतं. पोरगा बोलत नसेल तर आईनंच लावावा.

सातत्यात मात्र फोन कमी पडतो. दरवेळी तोच समुपदेशक मिळेलच असं नाही. ओपीडीत झोप, भूक, अभ्यास विचारतात, आईबापांशी बोलतात, लागलं तर औषध देतात. ‘नाटकं आहेत’ म्हणणाऱ्या बाबांनाही सोबत न्याच.

नुसती घुसमट असेल तर आधी फोन. झोप-जेवण दोन आठवडे बिघडलंय, तर ओपीडी. जीव द्यायची भाषा निघाली, तर एकटं न सोडता थेट कॅज्युअल्टी.