शेंडाही दिसतो, बुडखाही: मोठ्या एक्सेल पत्रकासोबत आठ महिने

आमच्या गावच्या दूध संस्थेत दर दहा दिवसांनी बिल निघतं. सकाळ-संध्याकाळ धरून वीस वेळा संकलन आणि प्रत्येक वेळचे पाच रकाने: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, रक्कम. झाले आडवे शंभर रकाने. महिना 31चा असला की शेवटच्या बिलात आणखी दहा. उभे 312 उत्पादक. एकूण रक्कम, पशुखाद्याची कपात, उचल हे सगळं पार पलीकडे, सीवाय-सीझेड रकान्यांच्या पुढं. पहिल्या बिलाला मी पत्रक नुसतं ढकलत बसले होते. सचिव आण्णा मागं उभे राहून म्हणाले, "ताई, शेंडा दिसतोय तर बुडखा न्हाई, बुडखा दिसतोय तर शेंडा न्हाई."

त्याला आता आठ महिने झाले. एक्सेल 2016, चौदा इंची लॅपटॉप.

फ्रीझ पेन्स मला माहीत होतं, पण निम्मंच. सी3 वर कर्सर ठेवून व्ह्यू टॅबमधून ते लावलं की वरच्या दोन ओळी आणि डावीकडचे कोड-नाव जागेवर राहतात. एकदा घाईत 'फ्रीझ टॉप रो' दाबलं, तेव्हा पडद्यावर सगळ्यात वर नववी ओळ होती. एक्सेल पहिली ओळ धरत नाही, त्या वेळी वर जी दिसते ती धरतं. झालं, मथळे आणि पहिले सहा उत्पादक गायब! कंट्रोल-झेड दाबून बघितलं, उपयोग शून्य. खालची बेरीज मात्र पैशापर्यंत तीच होती, म्हणून कळलं की माणसं गेलेली नाहीत, वर अडकलीत. अनफ्रीझ केल्यावर परत आली. तेव्हापासून आधी कंट्रोल-होम, मग फ्रीझ. (हे फक्त पडद्यापुरतं. कागदावर दर पानाला मथळा हवा तर पेज लेआउटमधलं प्रिंट टायटल्स वेगळं लावावं लागतं.)

पडदा कप्प्यांत विभागणाऱ्या स्प्लिटनं माझी निराशा केली. चार कप्पे दिसतात, म्हणून वाटतं चार जागा बघता येतील. तसं नाही. वरचा आणि खालचा कप्पा आडवे एकत्रच सरकतात, डावा-उजवा उभे एकत्र. शिवाय सगळे कप्पे एकाच शीटचे. आमचं दरपत्रक दुसऱ्या शीटवर, तिथं स्प्लिटचा काही उपयोग नाही. लहान पडद्यावर कप्पे इतके चिंचोळे होतात की कंट्रोल-एफ1 दाबून वरची रिबन लपवली तरच चार ओळी जास्त दिसतात.

खरं काम झालं ते न्यू विंडोनं. ऑल्ट, डब्ल्यू, एन या कळा एकामागून एक. त्याच फाइलची दुसरी खिडकी उघडते, नावापुढं :1 आणि :2 लागतं. ही नक्कल नव्हे. एका खिडकीत फॅट दुरुस्त केलं की दुसरीत रक्कम तिथल्या तिथं बदलते. मग अरेंज ऑल, त्यात 'व्हर्टिकल', आणि खालच्या 'विंडोज ऑफ ॲक्टिव्ह वर्कबुक'वर टिचकी. नाहीतर उघड्या असलेल्या सगळ्याच फाइली रांगेत येऊन उभ्या राहतात. डावीकडं बिल, उजवीकडं दरपत्रक. गाईच्या दुधाचं 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हे दराचं मूळ प्रमाण सोडून काही आलं, की दर ताडून बघायला आता शीट बदलावी लागत नाही.

कपातीच्या दिवशी दोन्ही खिडक्यांत बिलच असतं. डावीत नावं, उजवीत सीवायच्या पुढचे रकाने. दोन्ही एकाच ओळीवर आणायच्या, मग व्ह्यू साइड बाय साइड आणि सिंक्रोनस स्क्रोलिंग चालू. त्यात खिडक्या एकाखाली एक आल्या तर पुन्हा अरेंज ऑल. आता एक सरकवली की दुसरी बरोबर सरकते. काउंटरवरच्या मावशींनी "माझी पेंड किती कापलीस गं?" विचारलं तर उत्तर नावासमोरच.

वॉच विंडो उशिरा सापडली. फॉर्म्युलाज टॅबमध्ये असते, म्हणून तिकडं कुणाचं लक्ष जात नसावं. एकूण लिटर आणि एकूण रक्कम हे दोन सेल तिथं टाकून ठेवलेत. पत्रकात मी कुठंही असले तरी बेरीज समोर. एवढ्यासाठी मी पूर्वी दर वेळी 315व्या ओळीपर्यंत जात होते!

गूगल शीट्सही वापरून बघितलं. तिथं फ्रीझ आहे, स्प्लिट नाही. ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये तीच फाइल उघडून भागवावं लागतं.

तक्रार एकच, पण दर बिलाला भोवणारी. नव्या खिडकीत फ्रीझ येत नाही, ते पुन्हा लावावं लागतं. आणि दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून फाइल सेव्ह केली तर पुढच्या वेळी दोन्ही उघडतात. मागच्या बिलाला आण्णांनी माझ्या आधी फाइल उघडली, त्यांना दोन दिसल्या. एक जादाची म्हणून त्यांनी बंद केली आणि उरलेली सेव्ह केली. बंद केली ती नेमकी फ्रीझवाली.