हॅलोवीन लावायचा की स्क्रीम? चतुर्थीच्या रात्रींसाठी दोन मालिकांची तुलना

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. रात्री घुमट वाजवत आरती आटोपली, थोरली माणसं आडवी झाली, की कॉलेजातली आणि नोकरीला लागलेली भाचरं राजांगणाच्या बाजूच्या खोलीत जमतात. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि सगळ्यांना भयपट हवा असतो. यंदा भाचीचा आधीच फोन आला. ‘मामा, या वर्षी एकच मालिका सलग बघूया. हॅलोवीन की स्क्रीम? पण शेवटच्या रात्रीपर्यंत मजा टिकली पाहिजे.’

तिची शंका रास्त आहे. मुखवटा घातलेला माणूस, हातात सुरी, एकामागून एक खून, शेवटी एक मुलगी वाचते. स्लॅशरचा साचा एवढा ठरलेला, की तो सात किंवा तेरा वेळा नव्यासारखा कसा वाटणार? मी दोन्ही मालिका पाहिल्या आहेत, काही भाग तीन-तीनदा. माझं मत आधीच सांगतो. पाच रात्री असतील तर स्क्रीम. दोनच असतील तर हॅलोवीन, पण त्यातले दोन नेमके भाग. आता कारणं. स्क्रीममध्ये खुनी कोण, ते मात्र कुठेही फोडणार नाही.

आधी एक गावची गोष्ट. लहानपणी जत्रेतल्या दशावतारी काल्यात संकासुर यायचा तेव्हा मी आजीच्या लुगड्यात तोंड लपवायचो. काळे कपडे, काळा मुखवटा, त्यातून लोंबणारी लाल जीभ. तो वेद पळवणार, विष्णू त्याला मारणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. तरी सगळा गाव जागा राही, कारण तो बोलणार काय हे कोणालाच माहीत नसे. काल्यात संहिता हातात नसते. त्या वर्षी गावात जे घडलं असेल ते संकासुराच्या तोंडी यायचं, पुढे बसलेल्यांची फिरकी घेतली जायची. मुखवटा तोच, शेवट तोच, बोलणं दर वर्षी ताजं. या दोन मालिकांमध्ये फरक नेमका इथे आहे.

हॅलोवीनमध्ये मुखवट्याखालचा माणूसही ठरलेला आहे: मायकल मायर्स. जॉन कारपेंटरने १९७८ साली सुमारे तीन लाख डॉलरमध्ये पहिला सिनेमा केला. पैसा इतका बेताचा, की मुखवटाही दुकानातला तयार घेतला. स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कचा होता, तो पांढरा रंगवून डोळ्यांची भोकं मोठी केली. त्या चेहऱ्यावर काहीच नाही, राग नाही की मजा नाही. मायकल बोलत नाही आणि धावतही नाही. चालतो. सोबत कारपेंटरने स्वतः केलेलं पियानोचं संगीत, पाच मात्रांचं, कानाला सतत काहीतरी अडखळल्यासारखं. रक्त जवळजवळ दिसतच नाही.

एक दृश्य सांगतो. लॉरी, म्हणजे सिनेमाची नायिका, दाराच्या चौकटीशी टेकून हुंदके देते आहे. तिच्या बाजूला नुसता काळोख. त्या काळोखातून पांढरा चेहरा हळूहळू वर येतो, बुरशी धरावी तसा. दोन वर्षांपूर्वी हे दृश्य लागलं तेव्हा भाची मोबाइलवर काहीतरी सरकवत होती. तिने मान वर केली आणि मोबाइल पालथा घातला. पंचेचाळीस वर्षांचा जुना सिनेमा, आणि खोलीत कोणी हललं नाही.

अडचण पुढे सुरू होते. मायकल का मारतो, याला पहिल्या सिनेमात उत्तरच नाही. सहा वर्षांचा असताना बहिणीला मारलं, पंधरा वर्षांनी निसटून आला, बस. १९८१ च्या दुसऱ्या भागाने कारण दिलं: लॉरी त्याची बहीण. १९९५ च्या सहाव्या भागाने शाप आणि गुप्त पंथ आणला. २००७ साली रॉब झॉम्बीने नव्याने केलेल्या सिनेमात वाईट बालपण आलं. दर वेळी कारण मिळालं आणि दर वेळी मायकल थोडा लहान झाला. कारण कळलं, की आपण त्यात नाही हेही कळतं. ज्याचं नातं नाही त्याने घाबरायचं कशाला?

एकदाच त्यांनी माणूस बदलायचं धाडस केलं. १९८२ च्या तिसऱ्या भागात मायकल नाहीच. दर वर्षी हॅलोवीनच्या, म्हणजे मुखवटे घालायच्या अमेरिकी सणाच्या, रात्रीची नवी गोष्ट सांगायची, असा कारपेंटर आणि पहिल्या सिनेमाची त्याची सहलेखिका डेब्रा हिल यांचा विचार होता. लोकांनी तो नाकारला आणि १९८८ साली चौथा भाग मायकल परतल्याचं नावातच सांगत आला. मला हा तिसरा भाग मनापासून आवडतो, आणि त्याचं अपयश पाहून अजून वाईट वाटतं. तो चालला असता तर आज या तुलनेची गरजच पडली नसती.

मग या मालिकेला ताजं व्हायला एकच वाट उरली, विसरणं. १९९८ च्या सिनेमाने चार ते सहा भाग घडलेच नाहीत असं धरलं. २०१८ च्या सिनेमाने पहिला सोडून सगळेच पुसले. बहिणीची गोष्ट लोकांनी रचलेली आहे, असं त्यात एक पात्र सरळ सांगतं. आणि तो सिनेमा खरोखर चांगला आहे. चाळीस वर्षांनंतरची लॉरी, केस पिकलेले, घराला किल्ल्यासारखे बंदोबस्त, मुलगी तुटलेली, नात मधे अडकलेली. जेमी ली कर्टिसने त्या बाईचं जन्मभराचं भय चेहऱ्यावर आणलंय. पुढचे दोन, २०२१ आणि २०२२ चे, मला तितके लागले नाहीत. शेवटच्यात मायकलला बाजूला सारून एका तरुणावर गोष्ट नेली आहे. धाडस मान्य, पण मालिकेच्या शेवटच्या भागात ते उशिरा सुचल्यासारखं वाटतं.

आता स्क्रीम. दिग्दर्शक वेस क्रेव्हन, लेखक केव्हिन विल्यमसन, साल १९९६. सुरुवातीलाच एक मुलगी घरी एकटी, गॅसवर पॉपकॉर्नचं भांडं, फोन वाजतो. राँग नंबर. पुन्हा वाजतो. तो गोड आवाजात तिला भयपटांबद्दल विचारतो, तीही लाडात येऊन बोलते. भांड्यावरचा चकचकीत कागद फुगत जातो, बोलणं गोडाचं कडू होत जातं. ही मुलगी म्हणजे ड्र्यू बॅरीमोर, पोस्टरवर सगळ्यात मोठा चेहरा. तिला पहिल्या दहा-बारा मिनिटांत मारून टाकलं, तेव्हा प्रेक्षकाला कळलं की इथे कोणालाही अभय नाही.

इथे मुखवटा ठरलेला, माणूस मोकळा. दर भागात घोस्टफेस, म्हणजे त्या मुखवट्यातला खुनी, कोणीतरी नवा असतो, आणि तो त्याच टोळक्यात बसलेला असतो. म्हणून तुम्ही सुरीकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघता. कोण कुठे होता, कोणी फोन उचलला नाही, कोण जरा जास्तच रडतंय? आमच्या खोलीत यावर पैजा लागतात, आणि हॅलोवीनमध्ये त्या लागूच शकत नाहीत. शिवाय घोस्टफेस माणूस आहे. धडपडतो, दार तोंडावर आपटतं, जिन्यावरून गडगडतो. तो मरू शकतो, म्हणून मारामारीचा निकाल शेवटपर्यंत लागत नाही. आवाज मात्र सगळीकडे रॉजर जॅक्सन यांचाच.

आणि बोलणं! संकासुरासारखं, त्या-त्या वर्षीचं. १९९७ च्या दुसऱ्या भागात कॉलेजच्या वर्गात पोरं वाद घालतात की दुसरा भाग कधी पहिल्यापेक्षा सरस असतो का. गोष्टीतल्या खुनांवर निघालेला सिनेमाही त्यांच्याच जगात लागलेला असतो. २०११ च्या चौथ्यात इंटरनेटवर प्रसिद्ध व्हायची भूक आहे. हा क्रेव्हनचा शेवटचा सिनेमा. २०१५ साली तो गेला. २०२२ चा पाचवा भाग, मालिका आपल्याच मालकीची समजणाऱ्या चाहत्यांवर आहे. सगळे भाग एकाच धाग्यात, काहीही पुसलेलं नाही. नायिका सिडनी, बातमीदार गेल आणि पोलीस ड्यूई आपल्या डोळ्यांसमोर वयाने वाढतात, आणि म्हणून त्यांच्यापैकी कोणावर सुरी उगारली गेली की पोटात खरोखर गोळा येतो.

सहावा, २०२३ चा, न्यू यॉर्कमध्ये. त्यातला भुयारी रेल्वेचा प्रसंग आपल्या लोकांना लगेच कळेल. हॅलोवीनचे दिवस, डबा मुखवट्यांनी खच्चून भरलेला, दिवे मिचमिचतायत. नरकासुराच्या रात्री पणजीच्या गर्दीत मुखवट्यातला एकजण आपल्याकडेच बघतोय असं वाटावं, तसं.

उणं आहेच. २००० चा तिसरा भाग सर्वांत कच्चा. विल्यमसनऐवजी दुसऱ्याने लिहिला आणि ते जाणवतं. सहाव्यात सिडनी नाही, कारण तिचं काम करणाऱ्या नेव्ह कॅम्पबेलने मानधनावरून नकार दिला. सातव्यासाठी ती परत आली, पण पाचव्या-सहाव्यातल्या दोन्ही नव्या नायिका गेल्या. माणसांवर उभी असलेली मालिका माणसं गेली की लंगडते, हा धोका हॅलोवीनला कमी.

कोणीतरी फ्रायडे द थर्टींथ सुचवेलच. बारा सिनेमे, त्यात एक थेट अंतराळात. तिथे ताजेपणा म्हणजे नवी जागा आणि मारायची नवी तऱ्हा, आणि ते मला दोन भागांत पुरतं. चकी बाहुल्याची मालिका जास्त मानाची, कारण १९८८ ते २०१७ पर्यंतच्या सातही सिनेमांच्या लेखनात डॉन मॅन्सिनीचा हात आहे आणि त्याने तिला बिनधास्त वळणं दिली. तिच्यासाठी वेगळी चतुर्थी ठेवू.

लावताना एक सांभाळा. नुसतं ‘हॅलोवीन’ नावाचे तीन सिनेमे आहेत: १९७८, २००७, २०१८. नुसतं ‘स्क्रीम’ नावाचे दोन: १९९६ आणि २०२२. साल बघूनच लावा, नाहीतर पहिल्याच रात्री पाचवा भाग सुरू होईल आणि सगळा रहस्याचा चुथडा.

दीड दिवसाचा गणपती असलेल्या घरांनी हॅलोवीनचे १९७८ आणि २०१८ हे दोन बघावेत, मधलं काही नको. पाच दिवसवाल्यांनी स्क्रीमचा पहिला, दुसरा, चौथा, पाचवा, सहावा. तिसऱ्यात सिडनीच्या आईबद्दल जे कळतं ते कोणीतरी तोंडी सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. लहान मुलं झोपल्याशिवाय सुरू करू नका. हे सिनेमे त्यांच्यासाठी नाहीत. गणपतीच्या खोलीतही नको, गणपतीवर फळं बांधलेल्या माटोळीखाली आरतीच बरी.

भाचीला कळवलं आहे. पहिल्या रात्री १९९६ चा, साडेअकराला. पॉपकॉर्न ती आणणार आहे.