पिप-टूची अँटीबॉडी: मालाला चार तारे, सोबतच्या पत्रकाला एक

आधीच सांगते, पिप-टू हे पेशीच्या पटलातलं (बाहेरच्या पडद्यातलं) लिपिड शोधून दाखवणारी ही अँटीबॉडी वाईट नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण टू-सी-इलेव्हन हा क्लोन (एकाच पेशीवंशातून बनणारी ठरावीक अँटीबॉडी) एकापेक्षा जास्त ठिकाणी मिळतो आणि माझं भांडण क्लोनशी नाहीच. आमच्या खोक्यातल्या बर्फाच्या पिशव्या पाणी होऊन आल्या होत्या, तरी ती व्यवस्थित चालली. भांडण आहे ते सोबत आलेल्या पत्रकाशी.

पहिल्या स्लाइडवर मिट्ट काळोख. मी फ्रिजमधली नेहमीची अँटी-माऊस सेकंडरी (उंदराच्या पहिल्या अँटीबॉडीला चिकटून चमकणारी दुसरी अँटीबॉडी) उचलून घातली होती. हा क्लोन आयजीएम प्रकारचा, आणि आमची सेकंडरी फक्त आयजीजी या दुसऱ्या प्रकारची गॅमा साखळी ओळखणारी. चूक माझीच. पण ही गोष्ट पत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात कशाला?

दुसऱ्या खेपेला हीला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी) ठिपकेच ठिपके, अगदी मोतीचुरासारखे. पत्रकातल्या फोटोत दिसतात तस्सेच. मी आनंदाने सरांना बोलावलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहून एवढंच विचारलं, "अगं, पटलाचा दुसरा रंग कुठाय?"

नव्हताच. मग शेपटीला कॅक्स (पटलाला चिकटवणारा छोटा तुकडा) जोडलेलं एमचेरी हे लाल चमकणारं प्रथिन पेशींत घातलं. ते आतल्या बाजूने सगळ्या पटलाला सरसकट चिकटतं. पुन्हा कन्फोकल सूक्ष्मदर्शकाचा स्लॉट मिळवला, तर निम्म्याहून जास्त ठिपके दोन्ही रंगांत एकाच जागी! साडीला सगळीकडे एकच रंग असला तरी निऱ्यांपाशी तो गडद दिसतो ना, तसं. पेशीचं पटल जिथे घडी घालतं किंवा बोटासारखं बाहेर येतं, तिथे पिप-टू न वाढताही जास्त उजळ दिसतं. नेदरलँड्समधल्या यालिंक यांच्या गटाने 2005 साली हेच दाखवलं होतं. मी तो पेपर वाचलाही होता, पण आपल्या स्लाइडवर ठिपके दिसले की वाचलेलं कोण आठवतं!

उरलेल्या ठिपक्यांचं काय? इथे पत्रकाने खरी फसवणूक केली. त्यात लिहिलंय: पॅराफॉर्मल्डिहाइड (त्यातून मिळणारं फॉर्मल्डिहाइड पेशी जागीच गोठवतं), मग ट्रायटन (पटलाला भोकं पाडणारा साबण), सगळं खोलीच्या तापमानाला. फॉर्मल्डिहाइड अमाइन गटाला पकडतं. पिप-टूत अमाइन नाहीच. आहे फॉस्फेट लावलेलं इनोसिटॉलचं कडं आणि खाली चरबीच्या दोन शेपट्या. म्हणजे प्रथिनं जागच्या जागी गोठतात आणि लिपिड मात्र मोकळंच तरंगत राहतं. वर ट्रायटन त्यातलं बरंचसं धुऊन नेतं. आणि आयजीएमला पकडायच्या जागा दहा. ती स्वतःच आजूबाजूचे रेणू गोळा करून ठिपका बनवू शकते.

नंतर 0.2 टक्के ग्लुटराल्डिहाइड (जास्त घट्ट बांधणारं) सोबत घातलं, ट्रायटनऐवजी सॅपोनिन हा सौम्य साबण घेतला आणि सगळं बर्फावर केलं. बोटं बधिर झाली, पण पेशीची कड अखंड, एकसारखी उजळली.

याचा अर्थ पिप-टूचे पुंजके नसतातच, असं नाही. 2011 मध्ये सिंटॅक्सिन या प्रथिनाभोवती त्याचे सुमारे 73 नॅनोमीटरचे पुंजके स्टेड या जास्त बारीक बघणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने दिसले. पण आपलं कन्फोकल 200 नॅनोमीटरच्या आसपासच हात टेकतं. या बाटलीत ते उत्तर नाही, आणि पत्रकातल्या फोटोने तसा आव आणू नये.

जिवंत पेशी बघायच्या असतील तर पीएलसी-डेल्टा या एन्झाइमच्या पीएच डोमेनला (पिप-टू धरणाऱ्या तुकड्याला) जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेला प्लाझ्मिड (डीएनएचं कडं) घ्या. आमचा आगारच्या नळीत जिवाणूंसकट आला. बर्फ नको, धावपळ नको. आयनोमायसिन (पेशीत कॅल्शियम शिरवणारं रसायन, त्याने पिप-टू तुटतं) टाकलं की कडेची चमक बघता बघता पेशीच्या आत सांडते. ते बघायला मी दोनदा उगाचच प्रयोग केला. मात्र ते डोमेन आयपी-थ्रीलाही (पिप-टू तुटून बनणाऱ्या रेणूला) धरतं, तेही जास्त घट्ट. आणि भरमसाट बनलं तर पिप-टू झाकूनच टाकतं, म्हणून मंद चमकणाऱ्या पेशी निवडा.

अँटीबॉडी घ्यायचीच असेल तर छोटी बाटली घ्या, आल्याबरोबर पाच-पाच मायक्रोलिटरचे भाग करून ठेवा, आणि सेकंडरी आयजीएमची म्यू साखळी ओळखणारी मागवा.